क्लच घरी बदलताय? मग निदान या चुका तरी करू नका

हल्ली व्हिडिओ बघून क्लच बदलायला बसणारे फार झालेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती पैसे वाचतील? अरे बाबा, अल्टो-वॅगनारसारख्या छोट्या गाडीत वाचते ती फक्त मजुरी, क्लच सेट (क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पॅडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंग) तर दोन्हीकडे विकतच घ्यायचाय. मजुरी वाचवायला अख्खा शनिवार-रविवार आणि हाताखाली एक माणूस देणार असाल तर जरूर करा, जमण्यासारखं काम आहे. पण सोमवारी सकाळी त्याच गाडीने ऑफिस गाठायचं असेल तर सरळ गॅरेजला द्या.

त्याच्याही आधी क्लच खरंच गेलाय का ते बघा ना! रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा, इंजिन गुरगुरत वर गेलं आणि गाडीचा वेग होता तेवढाच राहिला तर क्लच स्लिप होतोय, म्हणजे घसरतोय. खंबाटकी चढताना जळका वास येतो तो हाच. पण पॅडलला फ्री प्लेच (सुरुवातीची ढिली हालचाल) नसेल तर चांगली प्लेटसुद्धा स्लिप होते, कारण प्रेशर प्लेट पूर्ण पकडतच नाही, आणि ते केबलच्या नटावर पाच मिनिटांत सुटतं. गिअर पडताना अडकतोय ही तर उलटी तक्रार, म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नाही, तिथे आधी केबल बघा, केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच असेल तर लीक बघा. आवाजाचंही तसंच, पॅडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर बहुतेक रिलीज बेअरिंग, दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, आणि मग क्लच सेट बदलून काहीही होणार नाही.

आता माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक. गिअरबॉक्स परत बसत नाही म्हणून बोल्ट लावून ओढून घेणं.

आमच्या पार्किंगमध्ये एका उत्साही गृहस्थांनी वॅगनार उघडली होती. उतरवण्याचं काम छान केलेलं, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, मोबाईलवर फोटो काढलेले, सगळं व्यवस्थित. पण गिअरबॉक्सचा शाफ्ट सरळ आत जावा म्हणून प्लेट बरोबर मधोमध सेंटर करावी लागते, ती यांनी केली डोळ्याने. त्यासाठी मिळणारा प्लॅस्टिकचा अलाइनमेंट टूल घ्यायचा कंटाळा! संध्याकाळी गिअरबॉक्स चढवला तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) बोटभर फट, जाईच ना. मी म्हटलं काढा, प्रेशर प्लेट सैल करा, प्लेट परत मध्ये आणा. ते म्हणाले आता एवढंसंच राहिलंय. दोन बोल्ट घातले, पान्याला पाइप लावला आणि ओढत गेले, एका बाजूने फट कमी होतेय, दुसऱ्या बाजूने तेवढीच, आणि मग टक्. हाउसिंगचा कान तुटून खाली पडला. ॲल्युमिनियमच ते, किती सोसणार? पुढे जुनं हाउसिंग शोधा, गिअरबॉक्स पूर्ण खोला, शेवटी टो करून गॅरेज. मजुरीच्या कितीतरी पट खर्च झाला आणि वर ऐकवतात की व्हिडिओत तर पटकन बसला होता.

माझी सवय सांगतो. गिअरबॉक्स हाताने हलवत शेवटपर्यंत टेकला पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला. अडला तर गाडी गिअरमध्ये टाकून इंजिनचा क्रँक (मुख्य फिरता दांडा) पान्याने थोडा फिरवायचा म्हणजे शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत बसतात. तरी नाही गेला तर खाली घ्यायचा, चहा प्यायचा, परत सेंटर करायचं. आणि अर्धवट घुसलेला गिअरबॉक्स शाफ्टवर लटकत सोडून पाना शोधायला जाऊ नका, त्या वजनाने नव्या प्लेटचं हब वाकतं आणि मग पहिल्या गिअरला गाडी थरथरते.

दुसरी चूक कंजूषीची. फक्त क्लच प्लेट बदलायची आणि प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग जुनंच ठेवायचं. सगळा गिअरबॉक्स उतरवलाय आणि बेअरिंगला नाही म्हणताय? तेच बेअरिंग ओरडायला लागलं की हा सगळा उद्योग पहिल्यापासून. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलचंही तेच, ओलं दिसलं की बदला, नाहीतर नवीन प्लेट तेलाने खराब होणार. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट टेकते ती इंजिनची जड चकती) निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर लेथवाल्याला दाखवा.

बाकी पटापट. प्लेट उलटी बसवू नका, बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते. स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टच्या दात्यांना, ग्रीस अगदी पुसटसं, प्लेटला ग्रीसचे हात अजिबात नको. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. एक्सल काढायच्या आधी गिअर ऑइल काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढा. आतली धूळ तोंडाने फुंकू नका. आणि गाडीसोबत आलेल्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली शिरणाऱ्याशी मी बोलतच नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावा, भाड्याने आणा, पण लावा.

एएमटी (क्लच पॅडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी) गाडी असेल तर हात लावू नका, नवीन क्लच बसल्यावर स्कॅनर लावून कंट्रोलरला तो शिकवावा लागतो. मोठ्या डिझेलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं) असेल तरी गॅरेजच बरं. मात्र गॅरेजला देतानाही किट कुठल्या कंपनीचं ते आधी विचारा, जुने तिन्ही पार्ट परत मागा, आणि गिअरबॉक्स खाली असताना एकदा जाऊन ते ऑइल सील स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मालक "कशाला येताय, आम्ही बघतो की" म्हणाला तरी जा.