छोट्या वेब स्टार्टअपमध्ये या चुका टाळा

पाच-सात माणसांच्या वेब कंपन्यांमध्ये मी बरीच वर्षं काम करतोय. कुठे काही अडलं की ओळखीतल्या टीमही फोन करतात. "आमचा कोड चुकला" हे वाक्य त्या फोनवर फार क्वचित ऐकू येतं. जास्त करून असतं ते असं: "बॅकअप आहे, पण उघडत नाहीये." "डोमेनचा पासवर्ड कुणाकडे आहे तेच कळत नाहीये." "काल रात्री सर्व्हरवर कुणी काय केलं, पत्ता लागत नाहीये." ही माणसं हुशार असतात, कष्टाला मागे हटत नाहीत, आणि तरी पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात. अमुक गोष्ट व्यवस्थित चालू आहे असं सगळ्यांनी धरलेलं असतं आणि एकानेही ती हात लावून बघितलेली नसते.

सुरुवात बॅकअपपासून करतो, कारण याच विषयावर माझा सगळ्यात जास्त जीव जळतो.

बॅकअप घेतला, पण रिस्टोअर करून कधी बघितलाच नाही

नव्या टीमला मी आधी विचारतो, "बॅकअप आहे का?" उत्तर कायम "हो" असतं. मग विचारतो, "शेवटचा रिस्टोअर कधी केला, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करून कधी बघितला?" यावर सगळे एकमेकांची तोंडं बघतात. रिस्टोअर न केलेला बॅकअप म्हणजे डिस्कवरची एक फाइल, एवढंच. तिच्यात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांना मी गिटलॅब या कोड साठवून देणाऱ्या कंपनीची हकीकत सांगतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या डेटाबेसची दुय्यम प्रत मुख्य डेटाबेसच्या मागे पडली होती. रात्री उशिरापर्यंत झुंजणाऱ्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायला कमांड दिली, आणि ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने ती थांबवलीही. पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपासच उरलं होतं.

इथपर्यंतची चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. खरा धडा त्यापुढचा आहे. डेटा वाचवायची एक नाही, तब्बल पाच प्रकारची सोय त्यांच्याकडे होती, आणि त्यातली एकही धड चालत नव्हती. रोजचा डंप (सगळ्या डेटाची एका फाइलमधली प्रत) घेणारं टूल पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचं होतं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप दर वेळी फसत होता. फसल्याची मेल जायची, पण तिच्यावर योग्य डिजिटल सही नसल्याने ती डीमार्कच्या (मेल खरंच त्या पत्त्यावरून आली का हे बघणाऱ्या) तपासणीत नाकारली जायची. डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तास आधी एकाने स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरच्या, कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. कोडच्या रेपो (कोड साठवायच्या जागा) सुरक्षित राहिल्या. पण त्या सहा तासांतले साधारण ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कॉमेंट आणि ७०० नवी खाती गेली. या लोकांनी काहीही लपवलं नाही. दुरुस्तीच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या, काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

यातून मी उचललेली पहिली सवय म्हणजे बॅकअप फसल्याची सूचना मागायची नाही, झाल्याची मागायची. रोज सकाळी टीमच्या चॅटवर एक ओळ आली पाहिजे: फाइलचं नाव, वेळ, साइज. ओळ आली नाही की गडबड आहे. साइज कालच्यापेक्षा अचानक निम्मा झाला, तरी गडबड आहे. दुसरी सवय: महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी टीममधला सगळ्यात नवा माणूस रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करतो, तेही फक्त लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचून, कुणाला न विचारता. तो जिथे अडतो तिथे पायऱ्या अपुऱ्या आहेत. रिस्टोअर झाल्यावर "एरर आली नाही" एवढ्यावर समाधान मानायचं नाही. युजर टेबलमधली शेवटची ओळ उघडायची आणि तिची तारीख बघायची. ती तारीख तीन आठवड्यांपूर्वीची निघालेली मी पाहिली आहे, आणि रोजचा बॅकअप मात्र "यशस्वी" दाखवत होता.

आणि कृपा करून दुय्यम प्रतीला बॅकअप म्हणू नका. मुख्य डेटाबेसमध्ये ओळी उडवल्या की प्रतीतूनही काही क्षणांत उडतात. त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेला डंपही बॅकअप नाही.

डोमेन कुणाच्या नावावर, कुणाच्या मेलवर?

हा माझा दुसरा दुखरा विषय.

एका टीमने मला दुपारी फोन केला. सकाळपासून साइट उघडत नव्हती. पैसे भरणारे ग्राहक होते, त्यामुळे सगळे हादरलेले. आदल्या संध्याकाळी एक डिप्लॉय झालं होतं, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवला होता, म्हणून सगळा संशय त्यावर. ते मागे घेतलं, सर्व्हर रीस्टार्ट केले, डेटाबेस तपासला, होस्टिंगवाल्याकडे तक्रारही नोंदवली. सर्व्हरचा आयपी पत्ता थेट टाकला की साइट दिसत होती, तरीही अर्धा दिवस सगळे लॉगच (सर्व्हरच्या नोंदीच) वाचत बसले होते. मी फोनवरच हू-इज, म्हणजे डोमेनची सार्वजनिक नोंद, बघितलं. डोमेनची मुदत संपली होती.

गुंता यापुढे होता. डोमेन पहिल्या डेव्हलपरने स्वतःच्या मेलवर घेतलं होतं. तो सोडून जाताना कुणीतरी चांगल्या हेतूने रजिस्ट्रारकडचा (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचा) मेल पत्ता बदलून कंपनीचा अ‍ॅडमिन पत्ता टाकला, आणि तो पत्ता त्याच डोमेनवरचा. त्या पेटीत वर्षभर कुणी डोकावलं नव्हतं. ऑटो-रिन्यू चालू होतं, पण जोडलेलं कार्ड बदललेलं. सूचना येत गेल्या, कुणी वाचल्या नाहीत. आता पासवर्ड रिसेट करायला गेलं की लिंक बंद पडलेल्या डोमेनवर जाणार, आणि डोमेन सुरू करायला त्याच लिंकची गरज. शेवटी कागदपत्रं पाठवून मालकी सिद्ध करावी लागली. तोवर ग्राहकांच्या मेल परत जात होत्या, आणि कंपनी बंद पडली असा अनेकांनी समज करून घेतला.

मोठ्यांचंही असं होतं. १९९९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचं लॉगिनसाठीचं डोमेन पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायचं राहिलं, हॉटमेल वापरणाऱ्यांना लॉगिन होईना, आणि एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून फी भरून ते सुरू करून दिलं. असा भला माणूस तुम्हाला भेटेलच असं नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे कमीजास्त सवलतीचे दिवस मिळतात, मग जादा फी भरून सोडवून घ्यायचे ३० दिवस, मग शेवटचे ५ दिवस, आणि त्यानंतर नाव कुणीही घेऊ शकतं. ज्याच्या हाती ते नाव जातं त्याच्या हाती त्या डोमेनवर येणारी प्रत्येक मेल जाते, म्हणजे तुमच्या पेमेंट गेटवेच्या आणि होस्टिंगच्या पासवर्ड रिसेटच्या लिंकसुद्धा. मला भीती वाटते ती याची. साइट बंद पडणं त्यामानाने किरकोळ आहे.

म्हणून मी प्रत्येक टीमला एक साधी शीट करायला लावतो. डोमेन, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा), होस्टिंग, मेल सेवा, पेमेंट गेटवे, अ‍ॅप स्टोअरचं खातं, एसएसएल सर्टिफिकेट (साइटचं कनेक्शन सुरक्षित असल्याचा दाखला). प्रत्येकासमोर लिहायचं: खातं कुठल्या मेलवर, कार्ड कुठलं, ओटीपी कुणाच्या फोनवर, मुदत कधी, आणि दुसरा माणूस कोण. "दुसरा माणूस" हा रकाना रिकामा असेल तर तीच तुमची पुढची अडचण. रजिस्ट्रारचा मेल त्याच डोमेनवर नको. सर्टिफिकेटचंही लक्षात ठेवा: लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची ९० दिवसांची सर्टिफिकेटं आपोआप नवी होत असतील तरी तपासणी स्वतःची लावा, कारण मुदत संपत आल्याच्या मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केल्या आहेत. कुणी सोडून जात असेल तर निरोपाच्या आधी त्याच्यासोबत बसून शीट वरपासून खालपर्यंत वाचायची. लोकांना हे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मला तो जाणाऱ्या माणसाचा मान वाटतो. पुढे कधीतरी मध्यरात्री त्याला जुन्या कंपनीचा फोन येत नाही.

किल्ली रेपोत गेली, मग फाइल डिलीट केली

एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) चुकून गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, पुश झाली की नवशिके घाईघाईने फाइल काढतात, नवा कमिट (बदलाची नोंद) करतात आणि निवांत होतात. गिट जुनं सगळं जपून ठेवतं, त्याचं कामच ते आहे. उघड्या रेपोंवर अशा किल्ल्या शोधणारे बॉट सतत फिरत असतात. आधी की रद्द करा, नवी काढा. इतिहास साफ करणं त्यानंतर.

प्रॉडक्शनवर "फक्त एकच ओळ"

प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक वापरतात त्या, डेटाबेसवर थेट अपडेट (ओळी बदलणारी आज्ञा) चालवायचीच वेळ आली तर आधी त्याच अटीने सिलेक्ट (ओळी फक्त दाखवणारी आज्ञा) चालवून किती ओळी येतात ते बघा. मग ट्रान्झॅक्शन (पक्कं करेपर्यंत मागे घेता येणारा बदल) उघडा, अपडेट करा, आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे पक्कं. माझ्या प्रॉडक्शन टर्मिनलचा (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा) रंग कायम लाल असतो, म्हणजे आपण कुठे आहोत ते विसरत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय नको.

युजरचे पासवर्ड जसेच्या तसे वाचता येतील असे साठवू नका. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड असेच उघडे पडले, आणि हल्लेखोर ती यादी अजून वापरतात.

वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) ठेवा, दाखवताना स्थानिक वेळेत बदला.

साइट बंद, आणि आपण गप्प

साइट पडली की टीम आतल्या चॅटवर धावपळ करते आणि बाहेर शुकशुकाट. दहा मिनिटांत लोक सोशल मीडियावर विचारायला लागतात, अर्ध्या तासात एकमेकांना उत्तरं द्यायला लागतात, आणि त्या उत्तरांतून डेटा चोरीला गेल्याची अफवा तयार होते. कारण कळेपर्यंत थांबायचं ही समजूत चुकीची आहे. पहिल्या संदेशात तीन गोष्टी पुरतात: काय बंद आहे, कधीपासून, आणि पुढची माहिती किती वाजता देणार. तेवढ्या वाजता काही नवं नसलं तरी "अजून शोधतोय" एवढं लिहायचं.

स्टेटस पेज (सेवा चालू की बंद ते सांगणारं पान) दुसरीकडे होस्ट करा. २८ फेब्रुवारी २०१७ ला चुकीच्या टाइप झालेल्या एका कमांडमुळे अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही फाइल साठवायची सेवा पडली, आणि तिची स्थिती दाखवणारा त्यांचा डॅशबोर्डही एस-थ्रीवरच अवलंबून असल्याने बराच वेळ बदलता आला नाही.

चिडलेल्या युजरची कॉमेंट डिलीट करणं हा तर हमखास आग लावायचा उपाय. स्क्रीनशॉट कुणीतरी काढलेलाच असतो. फाउंडरने रात्री एक वाजता स्वतःच्या खात्यावरून वाद घालू नये. मसुदा लिहावा, सकाळी दुसऱ्या कुणाला तरी दाखवावा. आणि टीममधल्यांनी खोट्या नावांनी पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू लिहू नयेत. एकाच आठवड्यातली खाती, एकाच पद्धतीची वाक्यं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. मग खरे रिव्ह्यूही कुणी खरे मानत नाही.

निर्णय खासगी चॅटमध्ये

दोघांनी आपसात ठरवलं, तिसऱ्याने जुन्या समजुतीवर आठवडाभर काम केलं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता राग येतो. बोला कुठेही, पण ठरलेलं एका ओळीत सगळ्यांच्या चॅनेलवर लिहा: काय, का, कुणी. नुसतं "हाय, आहेस का?" टाकून वाट बघू नका; पूर्ण प्रश्न लिहा. आणि सगळंच "अर्जंट" असेल तर खरं अर्जंट कुणी उघडणार नाही.

रात्रभर जागून साइट वाचवणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण त्याच आठवड्यात जागावं का लागलं ते शोधा. ते न करणाऱ्या टीममध्ये एकच माणूस पुन्हा पुन्हा जागतो आणि एक दिवस राजीनामा देतो. वेगाच्या नावाखाली मोडतोड चालवून घेणारं ब्रीद फेसबुकनेही २०१४ मध्ये बदलून त्यात भक्कम पायाभूत यंत्रणेचा उल्लेख घातला.

एरर न वाचता उपाय

नव्या लोकांची घाई मी समजू शकतो, पण ही एक सवय मला सहन होत नाही. परवानगीची एरर आली की फोल्डरला ७७७ परवानगी, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. सर्टिफिकेटची एरर आली की तपासणीच बंद. मेमरी भरली की रीस्टार्ट. एरर गायब होते आणि माणूस खूश होतो. ७७७ दिलेल्या फोल्डरमध्ये सर्व्हरवरची कुठलीही प्रोसेस काहीही लिहू शकते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एआयने दिलेला कोड न वाचता चिकटवणंही त्यातलंच. तो कोड चालतो म्हणजे तुम्हाला कळला असं नाही, आणि रात्री साइट पडल्यावर तो तुम्हालाच वाचायचा आहे.

माझ्याकडे नव्याने आलेल्या मुलाला मी पहिला महिना एकच शिस्त लावतो. एरर पूर्ण वाच, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि तिचा अर्थ मला तुझ्या शब्दांत सांग. रीस्टार्ट करायचाच असेल तर आधी लॉग, चालू प्रोसेसची यादी आणि डिस्कची स्थिती कॉपी करून टिकेटमध्ये (त्या अडचणीच्या नोंदीत) चिकटव, कारण मेमरी कुणी खाल्ली हे सांगणारी ती यादी रीस्टार्टनंतर मिळत नाही.