स्वतःच्या गाडीसाठी वाहनभत्ता स्वीकारण्यापूर्वी
कंपनी किलोमीटरमागे 9 रुपये देऊ करते, तेव्हा तो आकडा केवळ पेट्रोलशी ताडून पाहू नये. पेट्रोल 105 रुपये लिटर धरले आणि गाडी लिटरला 15 किलोमीटर जात असेल, तर इंधनालाच 7 रुपये लागतात. उरलेल्या 2 रुपयांत टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि गाडीची घटती किंमत बसवावी लागते, आणि कुंभार्ली किंवा आंबा घाटातून नेहमीची ये-जा असल्यास मायलेज आणखी उतरते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने गाडीचा पत्रा खालून गंजतो, तो खर्चही माझ्या मते आवर्जून धरावा. पगारासोबत मिळणाऱ्या ठरावीक भत्त्यावर प्राप्तिकर लागू शकतो. म्हणून प्रवासाची नोंदवही ठेवून प्रत्यक्ष खर्चाची भरपाई मिळेल का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.