आयईएलटीएसमध्ये दोन नकाशांतला बदल कसा लिहावा

परदेशी विद्यापीठासाठी आयईएलटीएस अॅकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा द्यायची म्हटली की लेखनाचा पहिला प्रश्न बहुतेकदा आलेखाचा किंवा तक्त्याचा असतो. कधी कधी मात्र दोन नकाशे समोर येतात. एक जुना, एक आताचा. किंवा एक आताचा आणि एक पुढच्या आराखड्याचा. तालुक्याच्या गावी राहून तयारी करणारी आपली मुलं आकड्यांचे तक्ते भरपूर घोटतात आणि नकाशा ऑप्शनला टाकतात. माझ्या मते खेड्यातल्या मुलांना सगळ्यात जवळचा प्रश्न हाच आहे. ज्या घरात खरेदीखताची चतुःसीमा वाचली जाते, ‘पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण’ हे कानावरून गेलेलं असतं, तिथं दिशा शिकवाव्या लागत नाहीत. फक्त ते इंग्रजीत उतरवायचं असतं.

हिशेब असा आहे. लेखनाला एकूण ६० मिनिटं. या पहिल्या प्रश्नाला किमान १५० शब्द आणि साधारण २० मिनिटं, दुसऱ्या निबंधाला किमान २५० शब्द. निबंधाचं वजन दुप्पट, म्हणून नकाशात रमून त्याची वेळ खाऊ नका. जनरल ट्रेनिंग हा याच परीक्षेचा दुसरा प्रकार देणाऱ्यांना पहिल्या प्रश्नात पत्र असतं, त्यांनी हा लेख सोडला तरी चालेल.

उदाहरणासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. १९९० च्या नकाशात मधोमध गावठाण, तिथं मारुतीचं देऊळ आणि शाळा. पश्चिमेला नाला, त्यावर पूल नाही. पूर्वेला कपाशीची वावरं. चौकातून दक्षिणेला जाणारी पांदण आणि चौकातच सार्वजनिक विहीर. आताच्या नकाशात पूर्वेच्या वावरांत जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आणि घरांची नवी वस्ती, पांदणीचा रुंद डांबरी रस्ता, नाल्यावर पूल, विहिरीच्या जागी पाण्याची टाकी. देऊळ आणि शाळा जिथल्या तिथं.

पहिली तीन-चार मिनिटं पेन खाली ठेवा आणि फक्त बघा. काय नवीन आलं, काय गेलं, काय बदललं, काय तसंच राहिलं. चौथी गोष्ट मुलं हमखास विसरतात. तसंच राहिलेलं देऊळ हाही निरीक्षणाचा भाग आहे, आणि बाकीचे बदल कुठं झाले हे सांगायला तीच खूण कामी येते.

लिहायला घेतलं की पहिलं वाक्य प्रश्नाचंच, पण स्वतःच्या शब्दांत. प्रश्नातली ओळ जशीच्या तशी उतरवली तर ते शब्द मोजलेच जात नाहीत. एका वाक्यात हे आटोपतं: ‘द टू मॅप्स शो हाउ अ व्हिलेज हॅज चेंज्ड सिन्स १९९०.’

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, ओव्हरव्ह्यू. इथंच बहुतेकांचा बँड, म्हणजे या परीक्षेतला गुणांक, अडकतो. पुष्कळ जण थेट ‘विहीर गेली, टाकी आली, पूल झाला’ अशी यादी लावतात. पण बरीच वर्षं पुण्यामुंबईत काढलेला माणूस गावी आला आणि त्यानं पारावर विचारलं, तर बसलेला म्हातारा यादी देत नाही. तो म्हणतो, ‘गाव लय वाढलं बाप्पा, पण इकडची वावरं सारी गेली.’ हाच ओव्हरव्ह्यू! एका दमात सगळ्या गावाचं काय झालं ते. तो इंग्रजीत असा येईल: ‘ओव्हरऑल, द व्हिलेज हॅज एक्सपांडेड टुवर्ड्स द ईस्ट, मेनली अॅट द एक्सपेन्स ऑफ फार्मलँड, व्हाइल इट्स ओल्ड सेंटर हॅज रिमेन्ड लार्जली अनचेंज्ड.’ दोन्ही नकाशे झाकून स्वतःला विचारा, एकच गोष्ट सांगायची तर कोणती? तेच लिहा. एकदोन वाक्यं पुरतात, आणि ती तपशिलाच्या आधी आलेली बरी.

मग तपशिलाचे दोन परिच्छेद. ‘आधी जुना नकाशा पूर्ण, मग नवा पूर्ण’ ही मांडणी मला पटत नाही. त्यात तुलना वाचणाऱ्यानंच करायची राहते. त्यापेक्षा भाग पाडा. एका परिच्छेदात पूर्वेकडचा बदल, दुसऱ्यात चौक, रस्ता आणि नाला. प्रत्येक वाक्यात आधीचं आणि आताचं जोडीनं येऊ द्या: ‘द कॉटन फील्ड्स टु द ईस्ट ऑफ द व्हिलेज हॅव बीन रिप्लेस्ड बाय अ जिनिंग फॅक्टरी अँड न्यू हाउसिंग.’ किंवा ‘द कार्ट ट्रॅक रनिंग साउथ फ्रॉम द स्क्वेअर हॅज बीन वाइडन्ड अँड सरफेस्ड.’ इथं एक बारकावा सांभाळा. ‘टु द ईस्ट ऑफ द व्हिलेज’ म्हणजे गावाबाहेर पूर्वेला, ‘इन द ईस्ट ऑफ द व्हिलेज’ म्हणजे गावाच्याच पूर्व भागात. जिनिंग कुठं आहे हे यावरून ठरतं.

काळाचं गणित नकाशावरच्या सालांवरून लावा. जुना आणि आताचा असेल तर ‘हॅज बीन बिल्ट’. १९९० आणि २०१० अशी दोन्ही सालं मागची असतील तर ‘वॉज बिल्ट’, तिथं ‘हॅज बीन’ चुकीचं. पुढचा आराखडा असेल तर ‘विल बी बिल्ट’ किंवा ‘इज टु बी बिल्ट’. कोणी बांधलं हे नकाशात नसतं, म्हणून कर्मणी प्रयोग इथं आपोआप येतो. एकच क्रियापद ओढत नेऊ नका. पाडलं तर ‘डिमॉलिश्ड’, वापर बदलला तर ‘कन्व्हर्टेड इंटू’, जागा हलवली तर ‘रीलोकेटेड’.

कारणं आणि मतं लिहू नका. कपाशी परवडत नाही म्हणून वावरं विकली, हे आपल्याला कितीही ठाऊक असलं आणि मनाला लागलेलं असलं तरी ते नकाशात नाही. जे दिसतं तेवढंच. शेवटी समारोपही लागत नाही. ती दोन-तीन मिनिटं ‘अ’, ‘द’ आणि अनेकवचनाचा एस तपासण्यात घाला, मराठी माध्यमातल्या मुलांचे गुण तिथं गळतात.

सरावाला महागडं पुस्तक नको. गुगल अर्थवर तुमच्या गावाची जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. एक जुनं आणि एक ताजं चित्र शेजारी ठेवा, कागदावर दोन साधे नकाशे काढा आणि घड्याळ लावून वीस मिनिटांत लिहा. मग ते दुसऱ्या गावच्या मित्राला द्या आणि फक्त तुमचं लिखाण वाचून नवा नकाशा काढायला सांगा. जिनिंग त्यानं नाल्याच्या बाजूला काढली, तर दिशेचं ते वाक्य पुन्हा लिहा.