६.३ अंशांवरचं मूत्राशय

सकाळची बदलापूर फास्ट पकडली की मुंबईत पोचेपर्यंत सव्वा-दीड तास जातो, आणि लोकलच्या डब्यात संडास नसतो. रोज जाणाऱ्या बायकांचं गणित ठरलेलं असतं: निघताना पाणी दोनच घोट, पोचेपर्यंत चहा नाही. दिवा-मुंब्र्याच्या मध्ये गाडी उभी राहिली की ते गणित कोलमडतं. मूत्राशय भरत जातं, भिंत ताणली जाते, भिंतीत पसरलेल्या संवेदी चेतापेशी वर खबर पाठवत राहतात, आणि तरी त्याच भिंतीतला स्नायू मुकाट सैल राहतो. तो राहतो म्हणून आपण दादरला माणसासारखे उतरतो. माझी पीएचडी या दोन पेशींच्या पडद्यावरच्या आयन चॅनेलमध्ये, म्हणजे विद्युतभारित कणांना आत-बाहेर सोडणाऱ्या बारीक दारांमध्ये गेली. आई नातेवाइकांना अजूनही 'ती कॉम्प्युटरवर काहीतरी लघवीचं करते' असं सांगते, आणि ते फारसं चूक नाही.

एमएस्सीची मुलं-मुली विचारतात, 'ताई, आयन चॅनेलवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?' बहुतेकांनी चॅनेलच्या नावांची यादी पाठ केलेली असते. ती यादी आधी बाजूला ठेवा. माझं बीएस्सी झूलॉजीचं, गणित बारावीलाच सोडलेलं. पहिले सहा महिने मी एकच गोष्ट शिकले: पेशीचा पडदा म्हणजे विद्युतभार साठवणारा एक कपॅसिटर आणि त्याला समांतर जोडलेला, प्रवाहाला विरोध करणारा रेझिस्टर. ओहमचा नियम हातात बसला नाही तर पुढचं सगळं पोपटपंची होते.

एखाद्या आयनचं दार उघडलं तर तो पेशीचं व्होल्टेज कुठे ओढेल, हे सांगणारं नर्न्स्टचं समीकरण तर कागदावर, हाताने सोडवा. मी ते गाडीत, वहीच्या मागच्या पानावर सोडवायचे. पोटॅशियम बाहेर ५ मिलिमोलर, आत १४०. शरीराच्या तापमानाला उत्तर येतं उणे ८९ मिलिव्होल्ट. कॅल्शियम बाहेर २ मिलिमोलर, आत जेमतेम १०० नॅनोमोलर. उत्तर अधिक १३२. हे दोन आकडे शेजारी लिहिले की दिसतं, पोटॅशियमचं दार उघडलं तर पेशी खाली ओढली जाणार आणि कॅल्शियमचं उघडलं तर वर. कुठलं दार कधी उघडतं आणि किती वेळ उघडं राहतं, एवढाच प्रश्न मग उरतो. त्या 'एवढ्याच'मध्ये माझी साडेपाच वर्षं गेली.

पुस्तकात सगळे शिकतात ते हॉजकिन आणि हक्सली यांचं स्पाइकवरचं, म्हणजे पेशीतल्या क्षणिक विद्युत ठोक्यावरचं १९५२ चं काम, तेही स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवरचं. सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, एक-दोन मिलिसेकंदांत खेळ खलास. संवेदी चेतापेशींकडे वळलात तर ही शिदोरी बरीच पुरते, पण तिथेही अपवाद भेटतात. फुगु माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, बहुतेक चेतापेशींचे सोडियम चॅनेल बंद पाडतं. वेदना वाहणाऱ्या छोट्या चेतापेशींतला एनएव्ही १.८ हा चॅनेल मात्र त्याला दाद देत नाही. याच चॅनेलला रोखणारं सुझेट्रिजिन हे वेदनाशामक २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत मंजूर झालं. ठेचा खाल्ल्यावर जीभ भाजल्यासारखी का वाटते, याचं उत्तरही या पेशींतच आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि ४३ अंशांच्या वरची उष्णता, दोन्ही टीआरपीव्ही १ हा एकच चॅनेल उघडतात. तो १९९७ मध्ये सापडला. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यामागे हेच काम. त्यांच्याबरोबर आर्डेम पटापुटियन होते, ताण ओळखणाऱ्या पिएझो चॅनेलसाठी. मूत्राशय भरल्याची खबर देण्यात पिएझो २ चा हात आहे.

स्मूथ मसलकडे, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतल्यासारख्या अनैच्छिक स्नायूकडे आलात की मात्र शिदोरी संपते. मूत्राशयाच्या स्नायूपेशीत सोडियमचं काम कॅल्शियम करतं. टेट्रोडोटॉक्सिन घाला, ढिम्म फरक नाही; कॅल्शियम चॅनेल बंद करणारं निफेडिपिन घाला, सगळं थंड. (बीपीच्या गोळीतलं अम्लोडिपिन याच जातीचं. आई रोज घेते. तिला मी सांगितलं, तुझी गोळी जे दार ओढून घेते ना, माझं काम त्या दाराचं. तेव्हापासून गोळीबद्दल तिचा आदर वाढला, माझ्याबद्दलचा होता तेवढाच आहे.) इथला स्पाइक लांबट, पसरट, दहा-वीस मिलिसेकंद चालणारा, आणि आत शिरलेलं कॅल्शियमच बीके नावाचा पोटॅशियम चॅनेल उघडून स्वतःचा खेळ आवरतं घेतं.

आणखी एक गोम आहे, आणि नवख्यांचं वर्ष यातच जातं. सुट्या केलेल्या स्नायूपेशीचा रेझिस्टन्स साधारण एक गिगाओहम धरा. त्यात एक पिकोअँपियर करंट सोडला तर व्होल्टेज एक मिलिव्होल्टने हलतं. म्हणजे एखाददुसरा चॅनेल उघडला तरी पेशी दचकते. खऱ्या भिंतीत मात्र ही पेशी शेजारणींना गॅप जंक्शनने, म्हणजे पेशी-पेशींमधल्या बारीक बोगद्यांनी जोडलेली असते, आणि तोच करंट चाळीतल्या बातमीसारखा शेजारीपाजारी पसरून जातो. सुट्या पेशीवरचा आकडा उचलून अख्ख्या मूत्राशयाबद्दल बोलणारे शोधनिबंध भरपूर आहेत. वाचताना आधी मेथड्स पाहा: पेशी सुटी होती की ऊतीच्या पट्टीतली?

आता माझी फजिती. आमच्याकडे न्यूरॉन नावाच्या सॉफ्टवेअरवर पेशीची प्रतिकृती चालवायचे. ते फुकट मिळतं, पायथनमधून चालतं, साध्या लॅपटॉपवर धावतं; रिग (पेशीतला करंट मोजायची मांडणी) नसलेल्या मुलांसाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. मी स्नायूपेशीचं मॉडेल बांधलं आणि स्पाइक निघेना. निघाला तर आळोखेपिळोखे देत, भलताच रुंद. महिनाभर मी चॅनेलची घनता वरखाली करत बसले. कधी बीके दुप्पट, कधी कॅल्शियम निम्मं. शेवटी एका सीनिअर दादाने मागून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, 'तापमान काय ठेवलंयस?' ठेवलंच नव्हतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर न्यूरॉन ६.३ अंश सेल्सिअस धरतं, कारण स्क्विडचे मूळ आकडे त्याच तापमानाचे. तापमान दहा अंशांनी वाढलं की चॅनेलचं दार साधारण तिप्पट वेगाने हलतं, असं आम्ही धरतो. ६.३ पासून ३७ पर्यंतचा हिशेब केला तर जवळपास २९ पट. बाहेर मे महिना, अंगाची काहिली, आणि माझं मूत्राशय महिनाभर फ्रीजमध्ये.

तापमानाचा आणि चॅनेलचा मुंबईशीही एक धागा आहे. कोलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६२ साली मॉलिक्युलर बायोलॉजीचं काम सुरू करणारे ओबेद सिद्दिकी यांनी सीमोर बेंझर यांच्याबरोबर १९७६ मध्ये फळमाश्यांवर एक शोधनिबंध लिहिला. त्या माश्या थोड्या गरम केल्या की लुळ्या पडायच्या, थंड केल्या की उठून चालू लागायच्या. त्यांतल्या 'पॅरा' या जनुकातून सोडियम चॅनेल बनतो, हे पुढे कळलं. टीआयएफआरला मुलाखतीला जाणार असाल तर हे वाचून जा. विचारतील म्हणून नव्हे, वाचायला मजा येते म्हणून.

रिगवर बसायची वेळ आली तर पॅच क्लॅम्प, म्हणजे बारीक काचेची नळी पेशीला चिकटवून करंट मोजणं, हे हाताचं काम आहे, मोदकाच्या कळ्या पाडण्यासारखं. सांगून येत नाही. काचेची नळी तापवून ओढायची, टोक जेमतेम एक मायक्रॉनचं. नळीत हलका दाब ठेवून पेशीच्या जवळ जायचं, स्क्रीनवरचा चौकोनी ठोका किंचित खुजा झाला की दाब सोडायचा आणि तोंडाने अगदी हळू ओढायचं. ठोका सपाट झाला की नळी पेशीला घट्ट चिकटली, सील बसलं. एरविन नेहर आणि बर्ट साकमन यांना १९९१ चं नोबेल मिळालं ते या पद्धतीने एकेका चॅनेलचा करंट मोजल्याबद्दल. माझं पहिलं सील सातव्या आठवड्यात बसलं आणि कोणीतरी दार आपटल्यावर गेलं.

पीएचडीच्या प्रवेशाचं थोडक्यात सांगते. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती असेल तर बहुतेक दारं उघडतात. आयआयटीत गेटही चालतं, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आहे. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफला (वरच्या टप्प्याला) ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं भत्ता. कागदावर बरं आहे. माझे पैसे एकदा चार महिने अडकले होते, तेव्हा थोडी गंगाजळी राखून या. पुढे नोकऱ्या आहेत, पण वेदना किंवा मूत्राशयापेक्षा हृदयाच्या बाजूला जास्त. नवं औषध हृदयातल्या हर्ग चॅनेलला अडवतं का, हे तपासावंच लागतं, आणि पॅच क्लॅम्प येणारा माणूस तिथे लागतो.

गाइड निवडण्याआधी लॅबमध्ये एक दिवस बसू द्याल का, असं विचारा. हो म्हणाले तर सकाळी जाऊ नका. सकाळी ऊती कापणं, एन्झाइममध्ये पेशी सुट्या करणं, सोल्युशनं गाळणं चालतं. सगळ्याच लॅब तेव्हा सारख्या दिसतात. दुपारी तीननंतर जा. पेशी मरायला लागलेल्या असतात, सील बसत नसतं. तेव्हा रिगवरच्या मुलीशी गाइड कसे बोलतात, ते ऐका.