आइस हॉकीतली मारामारी पाहावी कशी? कबड्डीवेड्या नाशिककरांसाठी

आइस हॉकीत मारामारी होते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती किती रीतसर होते, हे ठाऊक नसलं तर मात्र पहाटे उठल्याचे कष्ट वाया जातात. ठोसे सगळीकडे सारखेच. गंमत आहे ती ठोशाआधीच्या अदबीत आणि नंतरच्या जमाखर्चात.

आधी वेळ ठरवा. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक आइस हॉकी लीग. तिचा नियमित हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल चालतो. न्यूयॉर्क-टोरंटोकडचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे थंडीत पहाटे ५:३० ला लागतो. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे सरकली की ४:३० ला. नवशिक्याने हा उद्योग करू नये. कॅलिफोर्नियातला शनिवारचा सामना धरावा. तो थंडीत रविवारी सकाळी ८:३० ला लागतो, म्हणजे ऐन मिसळीच्या वेळी. खेळ २० मिनिटांच्या तीन भागांत असतो, मध्ये दोन मध्यंतरं. तर्री आणायला त्यातच उठा. खेळ चालू असताना उठलात की नेमकं तेव्हाच काहीतरी होतं.

मारामारीची चाहूल आधी लागते. एखाद्या स्टार खेळाडूला जोरदार धडक बसली की धडक देणाऱ्याचा नंबर लक्षात ठेवा, त्याच्याकडे कुणीतरी येणारच. शेवटच्या भागात एक संघ चार-पाच गोलांनी मागे असेल तर तेव्हाही नजर ठेवा. पक (खेळायची रबरी चकती) टाकायच्या वेळी दोन धिप्पाड गडी शेजारी उभे राहून एकमेकांशी बोलायला लागले, की पकाकडे पाहणं सोडा. ते विचारपूस करत असतात: जायचं का? समोरच्याने मान हलवली की ठरलं. काठ्या टाकल्या जातात, हातमोजे बर्फावर पडतात, मग दोघं गोल फिरतात.

इथे कबड्डीची नजर कामी येते. डावा हात पाहा. पकड तिथे आहे. डाव्या हाताने समोरच्याच्या उजव्या खांद्याजवळची जर्सी मुठीत धरायची, म्हणजे त्याचा मारता हात अडकतो. आपला उजवा मोकळा. पकड चुकली तर जर्सी डोक्यावरून ओढली जाते आणि माणूस आंधळा होतो. म्हणून जर्सीला मागून पट्टा असतो, तो पँटला अडकवावा लागतो. पायाखाली बर्फ आणि दोन पाती, त्यामुळे ठोशात जोर फारसा उतरत नाही. बहुतेक लढती कुणीतरी घसरून पडल्यावर संपतात. दोन लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, तोवर शेजारी उभे राहून पाहतात. त्यांना भित्रे म्हणू नका. दोघं पडले किंवा एकमेकांना बिलगून दमले की ते मध्ये शिरतात, तीच रीत आहे.

आणि तिसऱ्याने यायचं नाही. नाशिककराला हे पटायला वेळ लागतो. रविवार कारंजावर दुचाकीला दुचाकी घासली की मूळचे दोघं बाजूलाच राहतात आणि तिसऱ्या-चौथ्याचं भांडण रंगतं. हॉकीत मध्ये पडलेला तिसरा थेट सामन्याबाहेर जातो. भांडायला बाक सोडून बर्फावर उतरणारा पहिला खेळाडू तर १० सामने घरी बसतो.

आता हिशोब. कबड्डीत पिवळं कार्ड दिसलं की २ मिनिटं बाहेर. हॉकीतही साध्या चुकीला २ मिनिटं, मारामारीला ५. दोघांनाही ५-५ मिळाली की ती फिटतात आणि बर्फावर दोन्हीकडे खेळाडू तेवढेच राहतात. 'आता एक कमी झाला' म्हणून ओरडलात तर हसं होईल. मात्र कुणी जबरदस्तीने भांडण उकरून काढलं असेल तर त्याला २, ५ आणि १० अशी १७ मिनिटं मिळतात. फिलाडेल्फियाच्या डेव्ह शुल्त्झने १९७४-७५ च्या हंगामात शिक्षेची ४७२ मिनिटं कमावली. म्हणजे ८ तासांना ८ मिनिटं कमी. सातपूरच्या कारखान्यातली जवळजवळ अख्खी पाळी. ५ मार्च २००४ ला फिलाडेल्फिया आणि ओटावा यांनी ६० मिनिटांच्या सामन्यात मिळून ४१९ मिनिटांची शिक्षा जमवली.

विनोद कुठे थांबवायचा तेही सांगून ठेवतो. डोकं बर्फावर आपटलं की हसू नका. डॉन सँडरसन हा २१ वर्षांचा कॅनेडियन खेळाडू अशाच लढतीत हेल्मेट निघून डोक्यावर पडला आणि जानेवारी २००९ मध्ये गेला. पुढे २०१३ मध्ये एनएचएलने नियम केला: भांडताना स्वतःचं हेल्मेट काढलं तर जादा २ मिनिटं. त्याच वर्षी सप्टेंबरात, हंगामाआधीच्या एका सामन्यात, क्रिस बार्च आणि ब्रेट गॅलंट समोरासमोर आले. दोघांनी अगदी हळुवारपणे एकमेकांची हेल्मेटं काढली. मग धुतलं.

ऑलिंपिकमध्ये मात्र ताटकळू नका. तिथे भांडणारा बाहेर जातो, म्हणून फारसं कुणी भांडत नाही. एनएचएलमध्येही आता बहुतेक सामने शांततेत पार पडतात, तेव्हा हाताशी जुनी चित्रफीत ठेवा. २०२५ च्या फेब्रुवारीत माँट्रियलला अमेरिका-कॅनडा सामन्याच्या पहिल्या ९ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. हिला मिसळ येईपर्यंतचाही वेळ लागत नाही. डिसेंबर १९७९ ची न्यूयॉर्कची बघा: बोस्टनचे खेळाडू प्रेक्षकांत चढले आणि माइक मिलबरीने एका प्रेक्षकाला त्याच्याच पायातला बूट काढून हाणला. आणि जानेवारी १९८७, चेकोस्लोव्हाकियातलं पिएश्चानी, कुमारांच्या जागतिक स्पर्धेत कॅनडा आणि सोव्हिएत संघाची पोरं. दोन्ही बाक रिकामे झाले. कुणी ऐकेना, म्हणून सभागृहाचे दिवे घालवले. अंधारातही चालूच. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. दिवे घालवण्याची युक्ती काढणाऱ्याने आपल्याकडची वीज गेलेली पाहिली नसावी. इथे पंखा बंद पडला की वाद उलट वाढतो.