ऑफिसचा ग्रुप मॅरेथॉनला निघालाय? मग या चुका टाळा

कोणीतरी ग्रुपवर स्पर्धेची लिंक टाकतं, चार अंगठे येतात आणि दुपारपर्यंत सहा-सात जणांची नोंदणी झालेली असते. त्यातला एखादा शाळेपासून धावणारा, दोघं कधीमधी जिमला जाणारे, आणि बाकीच्यांची रोजची चाल म्हणजे पार्किंग ते लिफ्ट. तारीख मात्र सगळ्यांना एकच. पुढची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. डेडलाइन, टार्गेट, बॅकलॉग या कामाच्या सवयी आपण तशाच्या तशा शरीराला लावायला जातो, आणि शरीर त्या जुमानत नाही.

तारीख आधी, तयारी नंतर

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, अर्धी साधारण २१.१ ची. अजिबात न धावणाऱ्या माणसाला चालत-धावत पाच किलोमीटरपर्यंत पोचायलाच दोन-अडीच महिने लागतात. तिथून अर्ध्या मॅरेथॉनपर्यंत आणखी तीनेक महिने धरा. स्पर्धा सहा आठवड्यांवर असेल आणि तुम्ही शून्यावर असाल, तर अंतर बदला. बऱ्याच स्पर्धांमध्ये पाच आणि दहा किलोमीटरचे गट असतात. ग्रुप तोच, सकाळ तीच, फोटोही एकत्रच. यात कसला आलाय कमीपणा?

फसवणूक होते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोवर दम लागणं कमी झालेलं असतं, अंगात हुरूप असतो, आणि ‘जमतंय की!’ म्हणून माणूस अंतर एकदम वाढवतो. पण हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, हाडं आणि स्नायुबंध मात्र कित्येक महिने घेतात. दम आहे म्हणून धावत राहतो आणि नडगी किंवा टाचेमागची शीर बोलायला लागते.

बॅकलॉग भरून काढणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती हमखास कामसू माणसंच करतात. समजा आठवड्याचा बेत होता मंगळवारी चार, गुरुवारी पाच आणि रविवारी आठ किलोमीटर. मंगळवारी मीटिंग लांबली, गुरुवारी क्लायंटचा फोन आला. मग रविवारी हा गडी ‘राहिलेलं सगळं काढून टाकतो’ म्हणून एका दमात सतरा किलोमीटर धावतो. कागदावर आठवडा पूर्ण झाला. पण त्याच्या पायांनी आजवर आठच्या पुढे मजल मारलेली नव्हती, त्यांच्यावर एकाच सकाळी दुपटीहून जास्त भार पडला.

राहिलेला सराव राहिला, तो पुढे ओढायचा नाही. रविवारी आठच धावा. एक आठवडा पूर्ण बुडाला तर पुढचा आठवडा आधीच्याच अंतरापासून किंवा त्याहून थोडा खालून सुरू करा. आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, असा धावणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तो काही विज्ञानाचा अटळ नियम नव्हे, पण उत्साहाला लगाम म्हणून बरा. आणि रात्री दोनपर्यंत रिलीजचं काम करून पहाटे पाचला धावायला जाऊ नका. त्या दिवशी झोप हाच सराव.

सगळ्यांनी एकाच वेगाने धावणं

‘एकत्र जायचं, एकत्र यायचं’ हे ऐकायला छान. प्रत्यक्षात जो सगळ्यात तयार असतो तो गप्पा मारत रमतगमत जातो आणि नवखा पूर्ण वेळ तोंडाने श्वास घेत त्याच्या मागे फरफटतो. एकासाठी ते फिरणं, दुसऱ्यासाठी रोजची परीक्षा. दोन आठवड्यांत नवख्याला काहीतरी ‘अर्जंट काम’ निघायला लागतं.

साधी कसोटी आहे: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर अडखळत असाल तर वेग जास्त आहे. बराचसा सराव या बोलता येणाऱ्या वेगातच व्हायला हवा. आणि सोबत टिकवायची असेल तर अंतर ठरवण्याऐवजी वेळ ठरवा. सगळ्यांनी एकाच जागेवरून निघायचं, पंधरा मिनिटं आपापल्या वेगाने पुढे जायचं, घड्याळ वाजलं की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. कोणी तीन किलोमीटर गेलेला असतो, कोणी दीड, पण परत सगळे जवळपास एकाच वेळी पोचतात. ताटकळावं कोणालाच लागत नाही.

पावलांचा तक्ता

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून तो रूढ झाला. तरीही ऑफिसात याच आकड्यावर चुरस लागते आणि रात्री अकराला कोणीतरी बसल्या जागी मनगट हलवत असतं. मुळात दिवसभर उभ्याचं काम करणारा आणि दिवसभर खुर्चीत असणारा यांची तुलना करायची कशाला? पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची नेहमीची सरासरी नोंदवा, आणि त्यावर कोणी किती वाढवलं ते बघा. चार हजारांवरून सहा हजारांवर गेलेली व्यक्ती बारा हजारांवरच थांबलेल्यापेक्षा पुढे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तक्ता ठेवायचाच असेल तर मिनिटांचा ठेवा.

‘थोडं दुखणारच’

थोडं दुखतंच, पण कुठे आणि कसं, ते बघा. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सारख्याच ठणकत असतील आणि चालल्यावर मोकळं वाटत असेल, तर ते नेहमीचं. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं म्हणजे भार वाढवण्याची घाई झाली. अंतर कमी करा, काही दिवस सायकल किंवा पोहणं. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी हाड दुखत असेल, साधं चालतानाही किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणं बंद आणि डॉक्टर. लंगडत धावायचं तर कधीच नाही.

श्रमाने छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर नोंदणीच्या आधी तपासणी करून घ्या.

रजेच्या हिशोबाने ट्रेक

ऑफिसचा हाच ग्रुप कधी ट्रेकलाही निघतो. मग उंचावरच्या ट्रेकचा बेत रजा किती मिळते यावर आखला जातो आणि दोन मुक्काम गाळले जातात. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, मध्ये विसाव्याचा दिवस ठेवावा, असं डॉक्टर सांगतात. तुम्ही कितीही तंदुरुस्त असा, विरळ हवेला त्याचं सोयरसुतक नसतं. ग्रुप अडेल या संकोचाने विरळ हवेमुळे होणारी डोकेदुखी लपवणारा सहकारी हमखास असतो. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर वर जायचं नाही. वाढलं, तर खाली उतरायचं.

नकाराचं कारण विचारणं

‘सर, मी या वेळी नाही’ एवढं पुरे असावं. कोणाची शस्त्रक्रिया झालेली असते, कोणाला दिवस गेलेले असतात, कोणाला नुसताच कंटाळा असतो, आणि यातलं काहीच सगळ्यांसमोर सांगायचं नसतं. साहेबांनी मीटिंगमध्ये हसत ‘काय, येताय ना?’ विचारलं की तो प्रश्न राहत नाही. व्यवस्थापकांनी भाग घ्यावा, हजेरी घेऊ नये.

स्पर्धेचा दिवस आणि सोमवार

नवे बूट, नवा पट्टा, ताकदीसाठी फुकट वाटलेलं एनर्जी जेल, यातलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा नको. पाणी तहानेप्रमाणे प्या. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर जबरदस्तीने पीत गेलात तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि डोकेदुखी, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं बघून लोक आणखी पाणी पाजतात.

सोमवारी जिने उतरताना कठडा धरावा लागेल, त्यात विशेष काही नाही. मात्र लघवी कोकाकोलासारखी गडद झाली आणि स्नायू सुजून अतोनात दुखत असतील, तर थेट रुग्णालय गाठा. स्नायूंची मोडतोड मूत्रपिंडाला भोवते. बाकीच्यांनी आठवडाभर फक्त चालावं, आणि ग्रुपवर पुढच्या स्पर्धेची लिंक आली तरी तेवढे दिवस नोंदणी करू नये.