मॉनमथ जंक्शन मॉनमथमध्ये नाही : न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्यांसाठी
दर उन्हाळ्यात आमच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "जुलैत येतोय, ऑफिस प्रिन्स्टनजवळ आहे, मॉनमथ जंक्शनला अपार्टमेंट मिळतंय. मॉनमथ काउंटीतल्या शाळा कशा आहेत?" शाळा चांगल्याच असतील हो, पण तुमच्या मुलांना त्यांचा काही उपयोग नाही. मॉनमथ जंक्शन येतं साउथ ब्रन्सविक टाऊनशिपमध्ये, साउथ ब्रन्सविक मिडलसेक्स काउंटीत, आणि मॉनमथ काउंटी तिथून पूर्वेला, थेट समुद्रापर्यंत पसरलेली. पूर्वी मॉनमथकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथून निघायचा, म्हणून स्टेशनला ते नाव पडलं. आता ते स्टेशन नाही, पण पोस्टाने नाव सोडलेलं नाही.

या राज्यात २१ काउंट्या आहेत आणि त्यांच्या पोटात ५६४ गावं. कुणी टाऊनशिप, कुणी बरो, कुणी सिटी. राज्यातली इंचभर जमीनही कुठल्या ना कुठल्या गावाच्या हद्दीबाहेर नाही. पोस्टाचा पत्ता ही मात्र तिसरीच भानगड. पाकिटावर 'प्रिन्स्टन' लिहिलेलं घर प्रत्यक्षात प्लेन्सबरोत, म्हणजे मिडलसेक्समध्ये असू शकतं, किंवा माँटगोमेरीत, म्हणजे सॉमरसेटमध्ये. खुद्द प्रिन्स्टन मर्सर काउंटीत आहे. 'सॉमरसेट' असा पत्ता दिसला की ते बहुतेक फ्रँकलिन टाऊनशिप समजा. वॉरन नावाची छान टाऊनशिप आहे, आपली बरीच मंडळी तिथे राहतात, ती सॉमरसेट काउंटीत आहे. वॉरन काउंटी निराळी, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीला लागून. नॉर्थ बर्गन तर बर्गन काउंटीत नाहीच, तिच्या दक्षिणेला हडसनमध्ये आहे! आपल्याकडे पिंपळगाव म्हटलं की 'कुठलं?' विचारावं लागतं, तसंच इथे वॉशिंग्टन टाऊनशिपचं. पाच आहेत, पाच वेगवेगळ्या काउंट्यांत. मर्सरमध्ये सहावी होती, पण २००७ साली तिथल्या लोकांनी मतदान करून नाव बदललं. ते आजचं रॉबिन्सव्हिल, जिथे अक्षरधाम बघायला पाहुण्यांना न्यावंच लागतं.

म्हणून लीजवर सही करण्याआधी घरमालकाला एकच विचारा : या घराचा प्रॉपर्टी टॅक्स कुठल्या टाऊनला जातो? ते खरं गाव. गाव कळलं की काउंटी कळली. पिनकोडवर, म्हणजे झिपवर, विसंबू नका, आणि ब्रोकरच्या जाहिरातीवर तर अजिबात नको.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा, पण इथे कलेक्टर वगैरे कुणी बसवलेला नसतो. निवडून आलेले कमिशनर कारभार बघतात. डिसेंबर २०२० पर्यंत त्यांना 'फ्रीहोल्डर' म्हणत. ज्याच्या नावावर स्वतःची जमीन आहे तोच कारभारी होऊ शकेल, अशा काळातलं ते बिरुद, आणि असे जमीनदार म्हणजे अर्थात गोरे पुरुष. २०२० मध्ये कायदा करून राज्याने ते काढून टाकलं. माझ्या मते उशीरच झाला, पण जुन्या पाट्यांवर आणि कागदांवर तो शब्द दिसला तर गोंधळू नका.

आता नावांकडे वळते. आधी राज्याचंच. इंग्लिश खाडीत जर्सी नावाचं बेट आहे. इंग्लंडमध्ये यादवी पेटली तेव्हा तिथल्या सर जॉर्ज कार्टरेटने पुढे राजा झालेल्या दुसऱ्या चार्ल्सला आसरा दिला होता. १६६४ मध्ये त्याची परतफेड म्हणून कार्टरेटला आणि लॉर्ड बर्कलीला हा मुलूख मिळाला. टर्नपाइक या टोलच्या महामार्गावरून जाताना कार्टरेट नावाचा एक्झिट लागतो तो याच घराण्याचा, आणि एलिझाबेथ शहर त्याच्या बायकोच्या नावाचं.

सुरुवातीच्या काउंट्या १६८३ च्या : बर्गन, एसेक्स, मिडलसेक्स, मॉनमथ. पुढची पाच वर्षांनी, सॉमरसेट. बर्गन सोडलं तर सगळी घरची आठवण काढत ठेवलेली इंग्लंड-वेल्सकडची नावं. मूळ नावांना दिशेचा अर्थ आहे, एसेक्स पूर्वेच्या सॅक्सन लोकांचं, ससेक्स दक्षिणेच्या, मिडलसेक्स मधल्यांचं. इथे नावं आणताना दिशा कुणी बघितली नाही. न्यू जर्सीतलं ससेक्स राज्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे. सफरचंदं तोडायला किंवा हिवाळ्यात बर्फात घसरायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, वर जायचं आहे, खाली नाही.

बर्गनची गोष्ट जास्त गमतीची. १६६० मध्ये डचांनी हडसन नदीअलीकडच्या टेकाडावर बर्गन नावाचं तटबंदीचं गाव वसवलं. ते गाव कुठे? आजच्या जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरला लागून. चौकाला अजून बर्गन स्क्वेअर म्हणतात. १८४० मध्ये बर्गनचा दक्षिण भाग तोडून हडसन काउंटी झाली, आणि ज्या गावावरून काउंटीचं नाव पडलं तेच गाव शेजारच्या काउंटीत गेलं. तिथून काही मिनिटं चाललं की नेवार्क ॲव्हेन्यूवरचा 'इंडिया स्क्वेअर' लागतो. कढीपत्ता, सुरमई, नवरात्रात रस्त्यावर गरबा, सगळं तिथे. हेन्री हडसन इंग्रज, नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची, आणि १६०९ मध्ये या नदीत शिरला तो आशियाकडे जायची वाट शोधत. वाट सापडली नाही. आशियातली माणसं मात्र पुढे तिथेच दुकानं थाटून बसली.

राज्यपालांची आठवण म्हणून दोन काउंट्या आहेत. १७१४ ची हंटरडन रॉबर्ट हंटरची (त्याच्या घराण्याचं स्कॉटलंडमधलं ठिकाण हंटरस्टन), आणि १७३९ ची मॉरिस लुईस मॉरिसची. त्याच्याआधी न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीला एकच राज्यपाल असायचा; राजाने नेमलेला, न्यू जर्सीचा स्वतःचा, वेगळा असा तो पहिला. पार्सिपनीला नोकरी लागली तर तुम्ही मॉरिसकर. पार्सिपनी, हॅकनसॅक, रॅरिटन ही लेनापे लोकांच्या भाषेतली नावं. हे लोक इथले मूळ रहिवासी. गावं आणि नद्या अशा नावांनी भरलेल्या असताना २१ काउंट्यांपैकी मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव फक्त एकीचं आहे, पसेइक. तेही नदीमुळे टिकलं.

मला सगळ्यात भावते ती मर्सर आणि कंबरलंड यांची जोडी. १७४६ मध्ये स्कॉटलंडमध्ये कलोडनची लढाई झाली. ड्यूक ऑफ कंबरलंड जिंकला, आणि हरलेल्यांना त्याच्या सैन्याने इतकं निर्दयपणे कापलं की त्याला 'खाटीक' हे नाव चिकटलं. दोनच वर्षांनी न्यू जर्सीने आपल्या दक्षिणेकडच्या नव्या काउंटीला त्याचं नाव दिलं. हरलेल्या बाजूला ह्यू मर्सर नावाचा एक तरुण डॉक्टर होता. तो लपतछपत सुटला आणि अमेरिकेत आला. पेनसिल्व्हेनियात आणि मग व्हर्जिनियात त्याने डॉक्टरकी केली, आणि वॉशिंग्टनच्या सैन्यात ब्रिगेडियर जनरल झाला. ३ जानेवारी १७७७ ला प्रिन्स्टनच्या लढाईत ब्रिटिश संगिनींनी त्याला घायाळ केलं. रणांगणाशेजारच्या क्लार्क यांच्या घरात त्याला ठेवलं, तिथेच नऊ दिवसांनी तो गेला. १८३८ मध्ये ट्रेंटन-प्रिन्स्टनभोवती नवी काउंटी काढली तिला त्याचं नाव मिळालं. कलोडनला एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोघे आज एकाच राज्याच्या नकाशावर आहेत, आणि माझ्या ओळखीतल्या मर्सरवासीयांपैकी बहुतेकांना याचा पत्ता नाही. क्लार्क हाउस अजून उभं आहे. मैदानात एक भलामोठा ओक होता, जखमी मर्सर त्याला टेकून बसला होता असं सांगतात. तो २००० साली कोसळला, पण काउंटीच्या चिन्हावर अजून आहे. शनिवारी सकाळी मुलांना घेऊन जा, फुकट आहे आणि पळायला मोकळं मैदान आहे. वॉरन काउंटीचा जोसेफ वॉरनही डॉक्टरच, बंकर हिलला १७७५ मध्ये पडला.

बाकीची भराभर. केप मे डच दर्यावर्दी मेच्या नावाचा, सेलम म्हणजे शांती, कॅम्डेन वसाहतींची बाजू घेणाऱ्या ब्रिटिश लॉर्डाचा, बर्लिंग्टन आणि ग्लॉस्टर पुन्हा इंग्लंड. अटलांटिक आणि ओशन का, ते नकाशा बघून कळेल. (ओशन सिटी मात्र ओशन काउंटीत नाही, केप मेमध्ये आहे. विचारू नका.) युनियन सगळ्यात धाकटी, १८५७ ची. नेवार्क आणि एलिझाबेथ यांचं पटेना, म्हणून एलिझाबेथकडचा भाग एसेक्समधून फुटला आणि फुटून निघालेल्या काउंटीने नाव घेतलं 'युनियन'.

आता कामाचं. नवीन माणूस सगळ्यात आधी गोंधळतो तो काय काउंटीचं आणि काय टाऊनचं यात. नेहमीच्या शाळा काउंटीच्या नसतात, टाऊनच्या किंवा दोन-तीन टाऊननी मिळून चालवलेल्या असतात. कचरा, बर्फ काढणं, बांधकामाची परवानगी, लग्नाचं लायसन्स, हे टाऊनचं. गाडी जोरात चालवल्याचं तिकीट मिळालं तर ते जिथे पकडलं त्या टाऊनच्या कोर्टात. ड्रायव्हिंग लायसन्स राज्याचं, त्यामुळे कुठल्याही काउंटीतल्या केंद्रावर जा. सगळे त्याला डीएमव्ही म्हणतात, पाटी एमव्हीसीची, म्हणजे मोटर व्हेइकल कमिशनची असते. घर घेतलंत की त्याची नोंद मात्र काउंटीकडे.

रस्त्यांचं बघा. निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळ्या अक्षरात काउंटीचं नाव आणि नंबर दिसला की तो काउंटीचा रस्ता. पाचशेच्या घरातले नंबर काउंट्यांची हद्द ओलांडत जातात. हिल्सबरोचा ॲमवेल रोड आणि एडिसनचा वूडब्रिज ॲव्हेन्यू दोन्ही ५१४ च. खड्ड्यात टायर फुटला तर तक्रार कुणाकडे करायची हे त्या पाटीवरून कळतं, नाहीतर टाऊन हॉलवाले शांतपणे फोन दुसरीकडे वळवतात.

आठवीतली मुलं असतील तर हा परिच्छेद नीट वाचा. बहुतेक काउंट्या स्वतःच्या व्होकेशनल-टेक्निकल शाळा चालवतात. नावावरून आयटीआय वाटेल, पण त्यांतल्या काही राज्यातल्या नावाजलेल्या शाळा आहेत. बर्गन काउंटी अकॅडमीज, मॉनमथची हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल, एडिसनमधली मिडलसेक्सची मॅग्नेट शाळा. अर्ज आठवीत असतानाच करायचा असतो आणि प्रवेश त्या काउंटीत राहणाऱ्यांनाच. एडिसनहून फ्रँकलिनला घर बदलणं म्हणजे वीस मिनिटांचं अंतर, पण मुलाची काउंटी बदलते. तीच गोष्ट काउंटी कॉलेजची. मिडलसेक्स कॉलेज मिडलसेक्सचं, रॅरिटन व्हॅली सॉमरसेट आणि हंटरडनचं मिळून. आपल्या काउंटीत फी कमी, बाहेरच्यांना जास्त. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्या बऱ्याच जणी तिथे अकाउंटिंग किंवा कोडिंगचे क्लास करतात. तुमच्या व्हिसावर कमी फी लागू होते का, हे आधी ऑफिसात विचारून घ्या.

उद्यानांचंही तसंच. नेवार्कचं ब्रँच ब्रूक पार्क एसेक्स काउंटीचं, १८९५ चं, देशातलं पहिलं काउंटी पार्क. एप्रिलमध्ये चेरी फुलतात तेव्हा नक्की जा, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी. पिकनिकला पॅव्हिलियन हवं असेल तर ते काउंटीकडे आधी बुक करायचं. गणपती विसर्जनासाठी तळं हेरून ठेवलं असेल तर ते टाऊनचं, काउंटीचं की राज्याचं ते आधी शोधा आणि लेखी परवानगी घ्या. एरवी घरी बादलीत किंवा मंडळाच्या टबमध्ये.

बर्गनला राहणार असाल तर रविवारी कपडे, फर्निचर, टीव्ही-फ्रिज यांची खरेदी बंद, काउंटीचा जुना नियम आहे. पॅरॅमसचे मोठमोठे मॉल त्या दिवशी ओसाड असतात. किराणा, औषधं, हॉटेलं चालू. कपड्यांवर या राज्यात सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे शनिवारी न्यू यॉर्कवालेही तिथेच लोटतात. शुक्रवारी संध्याकाळी जाऊन या.

आणि एक दिवस काउंटीच्या नावाने ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे कोर्टात खटल्याला पंच म्हणून बसायचं पत्र येईल. घाबरू नका, आणि एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत म्हणून फेकूनही देऊ नका. नावं ड्रायव्हिंग लायसन्स आणि राज्याच्या टॅक्स रिटर्नच्या यादीतूनही उचलतात, त्यात नागरिक कोण आणि कोण नाही ते कळत नाही. प्रश्नावली भरा, 'नागरिक नाही' यावर खूण करा, पाठवा, आणि पोच जपून ठेवा. उत्तरच दिलं नाही तर दंड होऊ शकतो.